पदरी किती शब्द?

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यामागचे कारण घरोघरी ठाऊक आहे: हा विषय गुण देतो. उताऱ्यावरचे प्रश्न, क्रियापदांची रूपे, वाक्यरूपांतर, ठरावीक विषयांवर चार ओळी एवढी तयारी नीट केली की नव्वदच्या पुढे जाता येते. यातलीच काही मुले पुढे पदवीला फ्रेंच घेतात. पहिल्या आठवड्यात शिक्षक ‘ल माँद’ या दैनिकातली एक छोटी बातमी पुढ्यात ठेवतात आणि नव्वद गुणांचा विद्यार्थी दुसऱ्याच ओळीला अडतो. त्याचे गुण खरे असतात आणि हे अडणेही खरे असते. व्याकरण त्याला येते, उच्चारही बरे असतात. टंचाई असते ती शब्दांची, आणि ती किती आहे हे गुणपत्रिकेवर कुठेच लिहिलेले नसते.

ही टंचाई मोजता येते. परकी भाषा शिकणाऱ्याला किती शब्द येतात हे अजमावणाऱ्या चाचण्या गेल्या चाळीस वर्षांत जगभर घडवल्या गेल्या, तपासल्या गेल्या, सुधारल्या गेल्या. त्यांतल्या काही वीस मिनिटांच्या आत होतात आणि त्यांना कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. तरी आपल्याकडच्या परीक्षा बहुतेक धड्यांवरच बेतलेल्या असतात. नेमलेल्या पुस्तकातले किती आले हे त्या सांगतात. पुस्तक मिटल्यावर विद्यार्थ्याच्या पदरी काय उरले, हे त्यांतून समजत नाही.

कराडला लागून, पुणे-बंगळूरु महामार्गावर वसलेल्या मलकापुरात फ्रेंचचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने ही मोजणी आपल्या शिकवण्याचाच भाग करून टाकली आहे. मुले त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. मलकापुरात कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी कराडात १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विज्ञान आणि कला शाखेची जुनी महाविद्यालये आहेत. सातारा-सांगली जिल्ह्यांच्या गावागावांतून मुले इथे शिकायला येतात. त्यांतल्या कुणाला फ्रान्समध्ये एम. एस. करायचे असते, कुणाला पुण्यातल्या कंपनीत फ्रेंच येणाऱ्यांसाठीची नोकरी हवी असते, कुणाच्या डोळ्यांपुढे कॅनडा असतो आणि त्यासाठी टीईएफ किंवा टीसीएफ ही परीक्षा द्यायची असते. पूर्वी यासाठी पुणे गाठावे लागे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग होता, तसेच पुण्याचे ‘आलियाँस फ्राँसेज’ होते. आता बरेचसे शिक्षण ऑनलाइन झाले आहे. तरी समोर बसून विचारायला कुणीतरी लागतेच.

मलकापूर राज्यभर ओळखले गेले ते पाण्यामुळे. चोवीस तास पाणी देणारी आणि नळाला मीटर बसवणारी ही छोटी नगरपालिका पाहायला बाहेरगावचे लोक येत. मीटरने नदीचे पाणी वाढत नाही. कुठे किती जाते आणि कुठे गळते, एवढेच त्यामुळे कळते. शब्दांच्या चाचणीकडून मॅडमना नेमके तेवढेच हवे असते.

मोजायचे म्हटले की पहिला पेच उभा राहतो: एक शब्द कशाला म्हणायचे? हा पेच मॅडम मराठीतूनच सोडवून दाखवतात. फळ्यावर त्या ‘जातो’, ‘गेला’, ‘जाईल’ अशी रूपे लिहितात. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत एकही अक्षर सारखे नाही, तरी ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. मग त्याशेजारी फ्रेंच ‘आले’, म्हणजे जाणे, या क्रियापदाची रूपे येतात: मी जातो म्हणताना ‘व्हे’, आपण जातो म्हणताना ‘आलों’, मी जाईन म्हणताना ‘इरे’. तीन वेगळी अंगे, पण क्रियापद एकच. कोशात ते एकाच नोंदीखाली सापडते. ‘आले’ पाठ असलेल्या विद्यार्थ्याला वाचताना ‘इरे’ दिसले आणि त्याने ते ओळखले नाही, तर त्याला तो शब्द येतो असे म्हणायचे का? चाचण्या करणाऱ्यांनी याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. काही जण मूळ शब्द आणि त्याची व्याकरणाने होणारी रूपे मिळून एक मोजतात. काही जण त्याच धातूपासून निघालेली नामे-विशेषणेही त्याच कुटुंबात धरतात. हा नियम बदलला की एकाच मुलाचा आकडा पुष्कळ बदलतो. म्हणून ‘मला पाच हजार शब्द येतात’ असे कुणी म्हटले की मॅडम आधी विचारतात, कोणत्या हिशेबाने?

शब्दकोश घ्यावा, अधूनमधून पाने उघडावीत, किती शब्द येतात ते पाहावे आणि कोशातल्या एकूण शब्दांशी गुणाकार करावा, हा सगळ्यांत जुना मार्ग. मराठीत हा खेळ खेळायला मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,०००. फ्रेंचमधला ‘पती रोबेर’ हा एकखंडी कोशही साधारण ६०,००० शब्दांचाच. मार्ग सोपा दिसतो, पण त्यात एक खोट आहे आणि ती अमेरिकेत १९२० च्या दशकातच अभ्यासकांच्या ध्यानात आली होती. नेहमीच्या शब्दांना कोशात जागा जास्त लागते. मराठी कोशात ‘करणे’ आणि ‘हात’ यांचे अर्थ, वाक्प्रचार, म्हणी मिळून रकानेच्या रकाने भरतात, आणि एखाद्या वनस्पतीचे दुर्मीळ नाव एका ओळीत आटोपते. डोळे मिटून पानावर बोट ठेवले तर ते सवयीच्या शब्दावर पडण्याचा संभव फार मोठा. मग आकडा फुगतो. त्या काळात अमेरिकी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शब्दसंपत्तीचे जे थक्क करणारे अंदाज प्रसिद्ध झाले, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हेच होते.

पुढचा मार्ग वापराच्या क्रमाने जातो. कोणत्याही भाषेत मोजके शब्द सारखे येत राहतात आणि बाकीचे हजारो क्वचित. या नियमाला अमेरिकी अभ्यासक जॉर्ज झिफ यांचे नाव चिकटले आहे, पण त्यांच्या आधी तो एका फ्रेंच लघुलेखकाच्या नजरेस आला होता. ज्याँ-बाप्तिस्त एस्तूप हे लघुलेखनाचे वर्ग घेत. हात कोणत्या शब्दांवर बसवायचा हे ठरवण्यासाठी ते मजकुरातले शब्द मोजत. फ्रेंचमधले सर्वांत वापरातले २,००० शब्द आले की साधारण मजकुरातले शंभरापैकी नव्वदच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. ऐकायला हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात मात्र दर ओळीला एक अनोळखी शब्द उरतो, आणि बातमीचा जीव बहुधा त्याच शब्दात असतो. कोश न उघडता आरामात वाचायचे तर पन्नास शब्दांमागे फार तर एक अडावा, असे या क्षेत्रातले संशोधन सांगते. ‘ल माँद’ची दुसरी ओळ का अडते, याचे उत्तर इथे मिळते.

या क्रमाचा उपयोग करून वेल्समधल्या स्वानसी विद्यापीठात पॉल मीअरा आणि जेम्स मिल्टन यांनी ‘एक्स-लेक्स’ नावाची चाचणी केली. तिची फ्रेंच आवृत्ती मॅडमच्या कामाची आहे. रचना अगदी साधी. सर्वांत वापरातल्या पाच हजार शब्दांचे हजार-हजाराचे पाच गट करायचे आणि प्रत्येक गटातून वीस शब्द घ्यायचे. असे शंभर शब्द झाले. त्यांत वीस शब्द असे मिसळायचे की जे फ्रेंच वाटतात, पण फ्रेंचमध्ये अस्तित्वातच नाहीत. विद्यार्थ्याने प्रत्येकापुढे फक्त ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ अशी खूण करायची. खऱ्या शब्दापुढच्या प्रत्येक ‘येतो’ला ५० गुण. बनावट शब्दाला ‘येतो’ म्हटले की २५० वजा. समजा, मुलाने सत्तर खऱ्या शब्दांना ‘येतो’ म्हटले, तर ३,५०० झाले. त्याने चार बनावट शब्दांनाही ‘येतो’ म्हटले असेल, तर हजार गेले. उरला अंदाज २,५०० शब्दांचा.

बनावट शब्द घडवणे हे या कामातले खरे कसब. तो शब्द फ्रेंच कानाला आणि डोळ्याला पटला पाहिजे, पण कोशात कुठेही असता कामा नये. ‘दॉर्मिर’ म्हणजे झोपणे, ‘सॉर्तिर’ म्हणजे बाहेर पडणे. दोन्ही पहिल्या वर्षाचे शब्द. त्यांच्यामधून मॅडमनी ‘सॉर्मिर’ घडवला. असा शब्द फ्रेंचमध्ये नाही.

“मॅडम, हा मी नक्की वाचलाय,” एक विद्यार्थिनी म्हणते.

“कुठं वाचलास?”

“ते आठवत नाही. पण डोळ्यांखालून गेलाय.”

“अर्थ काय?”

ती थोडा वेळ कागदाकडे बघते. “झोपून उठणे?”

मॅडम हसत नाहीत आणि वर्गालाही हसू देत नाहीत. त्या उत्तरात बरेच काही आहे. मुलीच्या मनात दोन्ही खरे शब्द आहेत, पण एकमेकांपासून सुटे झालेले नाहीत. अर्धवट ओळखीचे असे शब्द प्रत्येक शिकणाऱ्यापाशी ढिगाने असतात, आणि नेहमीच्या परीक्षेत ते कधी उघडे पडत नाहीत, कारण तिथे सगळे शब्द खरेच असतात. गुण वजा होतात म्हणून कुणी खोटारडा ठरत नाही, हे मॅडम चाचणीआधी दोनदा बजावून सांगतात. ओळख कुठे पुसट आहे ते बनावट शब्द दाखवतात, इतकेच.

इंग्लंड-वेल्समधल्या मुलांसाठी केलेली चाचणी कराडच्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही, याचे कारण इंग्रजी. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंचमधून हजारो शब्द इंग्रजीत आले. त्यामुळे ‘टेबल’, ‘क्वेश्चन’, ‘व्हिलेज’ ही फ्रेंचमध्ये त्याच स्पेलिंगने लिहिली जातात. ब्रिटिश मुलाला हे भांडवल फुकट मिळते. मराठी मुलाला ते मिळते शाळेत शिकलेल्या इंग्रजीतून, आणि त्याचे इंग्रजी किती पक्के आहे त्यावर किती मिळते ते ठरते. पाटणच्या मराठी शाळेतून आलेला आणि पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आलेला अशी दोन मुले एकाच बाकावर बसली, तर पहिल्या दिवशीच्या फ्रेंच आकड्यात दोघांच्या इंग्रजीतला फरक डोकावतो. मॅडम म्हणूनच पहिल्या चाचणीवरून कुणाची हुशारी ठरवत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनंतरच्या दुसऱ्या चाचणीत कोण किती पुढे सरकला, त्याकडे त्यांचे लक्ष असते.

शिवाय इंग्रजी फसवतेही. पी-ए-आय-एन ही अक्षरे दिसली की इंग्रजी जाणणाऱ्याला दुखणे आठवते, पण फ्रेंचमध्ये तो पाव आहे. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालय नव्हे. ‘आक्त्यूएलमाँ’ म्हणजे सध्या, ‘रेस्ते’ म्हणजे थांबून राहणे, ‘असिस्ते’ म्हणजे बहुतेक वेळा हजर राहणे. अशा शब्दांपुढे मुले आत्मविश्वासाने ‘येतो’ अशी खूण करतात, आणि ‘येतो-येत नाही’ एवढेच विचारणाऱ्या चाचणीला ही चूक पकडताच येत नाही. यावर मॅडम दोन उपाय करतात. बनावट शब्दांत काही मुद्दाम इंग्रजी वळणाचे घालतात. इंग्रजीच्या भरवशावर चालणारा मुलगा कुठल्याही क्रियापदाला शेवटी ‘टी-आय-ओ-एन’ जोडून फ्रेंच नाम तयार झाले असे समजतो, त्याला तिथे अडवतात. दुसरा उपाय म्हणजे ‘येतो’ म्हटलेल्या शब्दांतले थोडे निवडून त्यांचे अर्थ मराठीत लिहायला सांगायचे. इंग्रजीत नाही, मराठीतच. ‘असिस्ते’पुढे ‘मदत करणे’ लिहिले की गोंधळ तिथल्या तिथे कळतो.

अर्थ विचारणाऱ्या चाचण्याही आहेत. कॅनडात माँत्रेयालच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातल्या रोझलेन बातिस्ता आणि मार्लीस हॉर्स्ट यांनी २०१६ साली फ्रेंचसाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी इंग्रजीसाठी केलेल्या चाचणीच्या धर्तीवर तिच्यात शब्द आणि त्यांच्या सोप्या व्याख्या यांच्या जोड्या लावायच्या असतात, आणि ती दहा हजार शब्दांच्या पातळीपर्यंत जाते. पाच हजारांवर संपणारी चाचणी पुढच्या विद्यार्थ्याला अपुरी पडते. त्याच्यासाठी ही बरी.

आणि कान? मराठी मुलाला लिहिले तसे वाचायची सवय असते. फ्रेंचमध्ये हिरवा, काच, ‘-च्या दिशेने’ आणि किडा हे चार शब्द चार वेगळ्या स्पेलिंगांनी लिहिले जातात आणि चारही ‘व्हेर’ असेच ऐकू येतात. कागदावर ओळखलेला ‘व्हिलेज’ फ्रेंच तोंडून ‘व्हिलाज’ होऊन आला की मुलगा दचकतो. म्हणून तीच यादी मॅडम काही आठवड्यांनी मोठ्याने वाचून दाखवतात आणि मुले ऐकून खुणा करतात. दोन कागद शेजारी ठेवले की मराठी माध्यमातल्या आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांतले अंतर बहुतेक कमी झालेले दिसते. डोळ्यांना इंग्रजीची मदत मिळते, कानांना ती मिळत नाही.

आकड्यांचे काय करायचे? तुलना करायला मिल्टन यांची आकडेवारी आहे. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही शालान्त परीक्षा देणाऱ्या मुलांना सरासरी साडेआठशेच्या आसपास फ्रेंच शब्द येत होते, अठराव्या वर्षी ए-लेव्हलला १,९०० च्या पुढे, आणि विद्यापीठातून फ्रेंच घेऊन बाहेर पडणाऱ्यांना ३,३०० च्या आसपास. पॅरिस रेल्वेने काही तासांवर असलेल्या देशातली ही स्थिती. हे आकडे वर्गात सांगितले की मुलांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरतो. ‘आम्ही गावाकडचे, म्हणून मागे’ ही समजूत इथे पहिल्यांदा ढिली होते. शब्द सगळीकडेच सावकाश येतात.

एका आकड्यापेक्षा मॅडमना पाच गटांचा उतार जास्त सांगून जातो. पहिल्या हजारात बहुतेक शब्द यावेत, दुसऱ्यात थोडे कमी, असे उतरत जावे, हा निरोगी उतार. वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या कागदावर मात्र पहिल्याच हजारात भोके दिसतात. आणि ती भोके एकाच जातीची असतात: ‘सलों’ म्हणजे ‘-च्या मते’, ‘पार्मी’ म्हणजे ‘-पैकी’, ‘पुर्तां’ म्हणजे ‘तरीही’. हे शब्द कोणत्याच धड्याचे नसतात. त्यांचे चित्र काढता येत नाही, त्यांच्यावर संवाद बसवता येत नाही. उलट ‘फ्रोमाज’, म्हणजे चीज, पहिल्या महिन्यात शिकवला जातो आणि सगळ्यांना येतो, पण वापराच्या क्रमात तो पहिल्या हजारात नाही. उपाहारगृह, बाजार, आयफेल टॉवर यांभोवती बांधलेली पाठ्यपुस्तके शिकवायला सुखाची असतात. बातमी, अहवाल किंवा विज्ञानातला लेख उभा राहतो तो ‘सलों’ आणि ‘पुर्तां’ यांच्या आधाराने. मॅडमनी आपल्या वर्गात हे शब्द धड्याची वाट न पाहता शिकवायला सुरुवात केली. रोज एक बातमी, तिच्यातले एवढेच शब्द खाली रेघ मारून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते वापरून स्वतःचे वाक्य करायचे.

तरी वापराच्या क्रमालाच सर्वस्व मानू नये, हेही फ्रेंच लोकांनीच आधी ओळखले. दुसऱ्या महायुद्धानंतर परक्यांना फ्रेंच शिकवण्यासाठी पायाभूत शब्दांची यादी करायची ठरली, तेव्हा जॉर्ज गुगेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके बाजूला ठेवून माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. २७५ माणसांच्या बोलण्यातले ३,१२,१३५ शब्द मोजले, त्यांत वेगळे शब्द निघाले ७,९९५. यादी १९५४ मध्ये ‘फ्राँसे एलेमाँतेर’ या नावाने आली आणि पुढे तिला ‘फ्राँसे फाँदामाँताल’ म्हणू लागले. या मोजणीत त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. जेवणाच्या टेबलावर रोज हातात येणारा ‘फुर्शेत’, म्हणजे काटा, बोलण्याच्या यादीत पुरेसा वर येतच नव्हता. माणसे काट्याबद्दल बोलत नाहीत, पण गरज पडली की तो शब्द जिभेवर हजर असतो. असे शब्द पकडण्यासाठी त्यांनी शाळकरी मुलांना सोळा विषय दिले, त्यांत शरीर, कपडे, घर, स्वयंपाकघर, शेतीची कामे असे विषय होते, आणि प्रत्येकाखाली सुचतील ते वीस शब्द लिहून घेतले.

मॅडमना या चाचणीचे मोल सर्वांत जास्त वाटते, आणि विषय त्या आपल्या गावचे देतात. ‘स्वयंपाकघर’ म्हटले की मुले ब्रेड, चीज, वाइन लिहितात. भाकरी, चटणी, आमटी यांच्याविषयी सांगायला लागणारे बाजरी, मिरची, डाळ हे फ्रेंच शब्द नसतात. ‘शेत’ म्हटले की गहू आणि गाय एवढ्यावर लेखणी थांबते. ही मुले कोणत्या मुलखातली? कोयनेच्या धरणाखालच्या, उसाच्या मळ्यांतल्या, सहकारी साखर कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलेल्या घरांतली. उसाला फ्रेंचमध्ये ‘कान आ स्युक्र’ म्हणतात, धरणाला ‘बाराज’, मोसमी पावसाला ‘मूसों’, दोन नद्या मिळतात त्या जागेला ‘काँफ्ल्युआँ’. कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमाबद्दल फ्रेंच पाहुण्याला दोन वाक्ये सांगायची तर हाच शब्द हवा. तो पाच हजारांच्या यादीत वर कुठेही नसतो, पण कराडच्या मुलाच्या जिभेवर तो असला पाहिजे.

इथे कुणी विचारते, उसाबद्दल फ्रेंचमध्ये बोलायचे तरी कुणाशी? मॅडम नकाशावर मॉरिशस दाखवतात. १८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून तिथे जाऊ लागलेल्या भारतीयांत कोकणातली मराठी माणसे होती, आणि ती गेली होती उसाच्या मळ्यांत राबायला. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरी क्रिओल बोलली जाते, फ्रेंच वर्तमानपत्रे वाचली जातात आणि शाळेत मराठी शिकण्याची सोयही आहे. ऊस, साखर, मळा, गाळप हे शब्द तिथल्या फ्रेंचमध्ये रोजचे आहेत. शेजारचे रेयुनियाँ बेट तर फ्रान्सचाच भाग आहे आणि तिथेही ऊसच. फ्रेंच म्हणजे फक्त पॅरिस नव्हे, हे या नकाशाने मुलांना कळते, आणि आपल्या गावचे शब्द शिकणे वायफळ नाही हेही.

एका फ्रेंच माणसाने मराठी शब्दांसाठी हीच मेहनत घेतली होती, तेही मॅडम सांगतात. झ्यूल ब्लोक यांनी मराठी भाषा कशी घडली यावर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी मराठी शब्दांची व्युत्पत्तीसह मोठी सूची आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. परक्या भाषेचा एकेक शब्द इतक्या आदराने हातात घेणारा माणूस मुलांना दाखवला, की आपल्या वहीतल्या यादीकडे ती निराळ्या नजरेने पाहू लागतात.

वही महत्त्वाची आहेच. प्रत्येक नव्या शब्दापुढे मुले त्याची पायरी लिहितात: पाहिलेला नाही, पाहिला पण अर्थ आठवत नाही, अर्थ अंदाजाने सांगता येतो, अर्थ नक्की माहीत आहे, वाक्यात वापरता येतो. ओटावा विद्यापीठातल्या मारी वेश आणि सीमा पारिबख्त यांनी १९९० च्या दशकात केलेल्या मापाच्या या पाच पायऱ्या आहेत. शब्द वरच्या पायरीवर गेला की जुनी खूण न खोडता तारीख घालायची. सत्राच्या शेवटी वही उघडली की कोणता शब्द किती दिवस तिसऱ्या पायरीवर अडकून राहिला ते दिसते, आणि उजळणी त्याचीच होते. आकडा सांगतो किती, वही सांगते कसे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय मॅडम कुणाच्या तयारीबद्दल मत देत नाहीत.

डेल्फ या फ्रान्सच्या शासकीय परीक्षेला शंभर गुण असतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना पंचवीस-पंचवीस. युरोपच्या ज्या भाषिक चौकटीवर ती उभी आहे, तिच्यात कोणत्या पातळीला किती शब्द लागतात याचा आकडा दिलेला नाही. त्यामुळे शब्द मोजायचे की नाही, हे शेवटी शिकवणाऱ्यावर येते. विद्यापीठांतल्या फ्रेंचच्या प्राध्यापकांना, आणि खरे तर जर्मन, जपानी, रशियन शिकवणाऱ्यांनाही, मॅडमचे सांगणे एवढेच आहे: पुढच्या जून-जुलैत पहिल्या वर्षाचा वर्ग भरला की पाठ्यपुस्तक उघडण्याआधी अर्धा तास शब्दांना द्या. चाचणीचे गुण निकालात धरू नका, नाहीतर मुले पहिल्या दिवसापासून ‘येतो’ म्हणायला शिकतील. कागद त्यांचे त्यांना परत द्या आणि मार्चमध्ये पुन्हा तीच चाचणी घ्या. त्या अर्ध्या तासासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही.